पालथी दुर्री

एका राज्यात राजवाड्यापासून कुंभारवाड्यापर्यंत सगळी माणसं गंजिफा खेळत. लाखेने रंगवलेली ती गोल पानं हाती आली की चकाकत. पण त्या राज्याची मान ताठ होती ती खेळाच्या रीतीमुळे. तिथे हरलेला माणूस सगळी पानं पालथीच गोळा करी, कडा जुळवी आणि दोन्ही हातांनी जिंकणाऱ्याला देई. जिंकणारा हसत नसे. तो आधी हरलेल्याला पाणी देई, मग स्वतः पिई.

त्या राज्याचा राजा धवलसेन एके सकाळी घोड्यावर बसून गेला, तो परतलाच नाही. घोडा तेवढा परत आला. मग एक साळुंकी वाड्याच्या सज्ज्यावर उतरली. राजाची धाकटी बहीण चंपावती तिथे केस वाळवत बसली होती.

"तुझा भाऊ काळ्या तळ्यातल्या मंडपात आहे," साळुंकी म्हणाली. "विकटनाथ जादूगाराशी खेळला. समोरच्याचं पान माझ्याकडून विचारून घेतलं, तरी हरला. चिडून त्याने सगळी पानं भिरकावली. मंडपात विकटनाथकडून जो हरतो तो पान होतो. तुझा भाऊ दुर्री झाला."

दुर्री म्हणजे दोनचं पान; त्या खेळात एक्का नसे, म्हणून तेच सगळ्यांत हलकं. भाऊ पान झाला, म्हणून चंपावतीचे डोळे भरले. पण त्याने पानं भिरकावली, हे ऐकून तिचे कान तापले.

"मी खेळेन," ती म्हणाली.

"तीन डाव होतील. दोन जिंकलीस तर भाऊ तुझा. हरलीस तर तूही पान."

चंपावतीने ओले केस तसेच बांधले आणि ती निघाली.

काळ्या तळ्याच्या मधोमध मंडप होता; ती नावेने तिथे पोचली. तिथे पांढऱ्या दाढीचा विकटनाथ बैठकीवर बसला होता. त्याच्यासमोर पानांचा जोड होता आणि दोन बाजूंना कवड्यांच्या दोन राशी.

"ये, राजकन्ये," तो म्हणाला. "तुमच्या राज्याची रीत फार ऐकून होतो. तुझा भाऊ दाखवून गेला. मी अजून कोपऱ्याकोपऱ्यातून पानं वेचतोय!"

चंपावतीने वाकून नमस्कार केला. "ती रीत नव्हे, आजोबा. ती चूक होती. रीत दाखवायला मी आले आहे."

"आजोबा कोणाला म्हणतेस?" विकटनाथ गुरगुरला आणि पानं पिसू लागला.

खेळ सोपा होता. दोघांना एकेक पान. राजा सर्वांत मोठा, मग प्रधान, मग दश्शीपासून खाली दुर्रीपर्यंत. पान पाहून कवड्या पुढे सरकवायच्या. समोरच्याने एक तर तेवढ्याच सरकवून मोठं पान कोणाचं ते पाहायचं, नाहीतर पान पालथं ठेवून डाव सोडायचा.

पहिलं पान चंपावतीच्या हाती आलं आणि साळुंकी तिच्या खांद्यावर बसली. "विचार. त्याच्याकडे काय आहे ते सांगते."

"खाली उतर, बाई. मला आजोबांशी खेळायचं आहे, तुझ्याशी नाही."

साळुंकी उडून विकटनाथच्या खांद्यावर गेली आणि त्याच्या कानात कुजबुजली. विकटनाथचं तोंड कडू झालं. चंपावतीकडे राजा होता, आणि राजापुढे कुजबुजीचं काही चालत नाही. त्याने पान पालथं घातलं. पहिला डाव चंपावतीचा झाला.

"फुकट मिळत होतं, ते का नाही घेतलंस?" त्याने विचारलं.

"आपलं पान झाकणं हा खेळ आहे, आजोबा. दुसऱ्याचं चोरून पाहणं ही चोरी."

विकटनाथने पानं पुन्हा पिसली. त्याने दुसरा डाव वाटला. तेवढ्यात तळ्यावरून वारा आला आणि त्याच्या हातातलं पान क्षणभर वळलं. विकटनाथ दाढी आवरत होता. त्याला कळलं नाही. चंपावतीला मात्र दिसलं. ती दुर्री होती. त्या पानावर तिचा भाऊ होता, मुकुट नसलेला, हनुवटीवरच्या तिळासकट. चित्रातल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

आता नुसतं गप्प राहायचं होतं. दुर्रीपुढे कुठलंही पान चाललं असतं. डावही तिचा, भाऊही तिचा.

चंपावतीने डोळे मिटले. मग आपलं पान खाली ठेवलं. "आजोबा, तुमचं पान मला दिसलं. डाव मोडा, पुन्हा वाटा."

विकटनाथ तिच्याकडे पाहतच राहिला. "कोणाचं चित्र होतं, तेही दिसलं का?"

"दिसलं."

"आणि तरी?"

"पुन्हा वाटा, आजोबा."

त्याने पुन्हा वाटलं. साळुंकी कुजबुजली. चंपावतीकडे अठ्ठी होती, विकटनाथकडे दश्शी. दुसरा डाव गेला. बसल्या जागी चंपावतीची बोटं गार पडली, आणि नखांच्या टोकांवर लाखेचा रंग चढू लागला.

तिसरा डाव. तिने पान उचललं. तीच दुर्री होती. तिच्या हाती तिचा भाऊच आला होता.

तिने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. दोन्ही हातांनी तिने कवड्यांची सगळीच्या सगळी रास पुढे सरकवली.

विकटनाथने आपलं पान पाहिलं. प्रधान. चांगलं पान, पण राजा नव्हे. त्याच्या कपाळावर घाम आला.

"राजा आहे का तुझ्याकडे?"

"असं विचारू नये, आजोबा. विचारलं तरी सांगू नये."

साळुंकी त्याच्या कानाशी आली. "मला दिसतंय! सांगू?"

विकटनाथने तोंड उघडलं. मग त्याला ती मघाची मुलगी आठवली, डोळे मिटून पान खाली ठेवणारी. किती वर्षांत त्याच्याशी असं कोणी खेळलंच नव्हतं.

"गप्प!" तो गरजला. साळुंकी घाबरून खांबावर जाऊन बसली.

त्याने खूप वेळ चंपावतीकडे पाहिलं. ती हलली नाही. शेवटी त्याने प्रधान पालथा घातला. "सोडला."

चंपावती हसली नाही. तिने तांब्यातून पाणी ओतून त्याच्यापुढे धरलं. तो प्यायला. मग ती प्यायली.

"आता हरलेल्याने काय करायचं असतं?" त्याने हळूच विचारलं. आजवर तो कधी हरलाच नव्हता.

"पानं पालथीच गोळा करायची. कडा जुळवायच्या. दोन्ही हातांनी द्यायची."

विकटनाथने पानं गोळा केली. मग चंपावतीचं पान त्याच्या बोटांत आलं. नुसतं उलटलं असतं की कळलं असतं. त्याने उलटलं नाही. ते जोडात सरकवलं, कडा जुळवल्या आणि जोड दोन्ही हातांनी तिला दिला.

त्याच क्षणी पानं कोरी झाली. मंडपात माणसंच माणसं उभी राहिली, अंगावरची लाख झटकत. तळ्याचं काळं पाणी निवळलं आणि तळाची वाळू दिसली. चंपावतीच्या नखांवरचा रंग उतरला. साळुंकीला आता माणसांची भाषा येईना. ती साध्या पाखरासारखी उडून गेली. विकटनाथ कित्येक वर्षांनी बैठकीवरून उठला. त्याचे गुडघे वाजले. चंपावतीने त्याला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

धवलसेन मात्र मागे राहिला. भिंतीच्या फटीत त्याने भिरकावलेलं एक पान अजून अडकलं होतं. त्याने ते काढलं, अंगरख्याला पुसलं, आणि वाकून दोन्ही हातांनी विकटनाथला दिलं. मगच तो नावेत बसला.

नाव निम्म्या तळ्यात आल्यावर तो बहिणीच्या कानाशी लागला. "चंपा, तिसऱ्या डावात तुझ्या हातात मी होतो. दुर्री घेऊन तू सगळी रास लावलीस!"

"हळू बोल, दादा," चंपावती म्हणाली. पुढच्या टोकाला विकटनाथ ऊन खात बसला होता. "सोडलेल्या डावाचं पान सांगायचं नसतं."

राजा गप्प झाला, आणि घर येईपर्यंत त्याची मान ताठ होती. तिसऱ्या डावातलं ते पान त्या राज्यात आजही पालथंच आहे.