एकटी तोफ

लढाया जेवणाच्या टेबलावर मावत असत, त्या काळची गोष्ट. खेळातल्या लढाईसाठी वामनकाकांनी बोटभर लांबीची शिशाची तोफ पितळी रंगाने रंगवली, लाकडी चकतीवर बसवली आणि तिच्याभोवती नखाएवढे तीन गोलंदाज गोंदाने चिकटवले.

तोफेला काही केल्या चैन पडेना. "ही माणसं माझी चमक झाकतात," ती धुसफुसली. "तोफ मी आहे ना? मग यांची लुडबुड कशाला?"

"बाई गं, गोंद अजून ओला आहे. जरा दम धर," म्हातारा गोलंदाज म्हणाला.

पण ती इतकी थरथरली, की तिघेही एकेक करून घरंगळले आणि टेबलाखाली गेले. खेळाच्या घाईत काकांच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांनी तोफ तशीच मैदानात मांडली.

तोफ ऐटीत शत्रूची वाट पाहू लागली. तिकडून एकच स्वार रमतगमत आला. त्याने तलवारही उपसली नव्हती.

"तुझे गोलंदाज कुठायत?"

"मला कुणी लागत नाही!"

"मग बरंच झालं," स्वार हसला. "बिनमाणसाची तोफ जो आधी गाठेल त्याची, असा इथला नियमच आहे."

आणि त्याने तिचं तोंड फिरवून तिच्याच सैन्यावर रोखलं.