उतारमुक्त जांभूळखोरं

दोन डोंगरांच्या मध्ये जांभूळखोरं नावाचं एक खोरं होतं. तिथले प्राणी सुखी होते, पण तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे निवडणुकीत सुळेराव रानडुकरांनी ते दुःखी असल्याचं सांगितलं, तेव्हा सगळ्यांना लगेच पटलं. दुःखाचं मूळ होतं उतार. फणस पिकतो वर आणि घरंगळत जातो खालच्याच्या दारात, हा कुठला न्याय, असं सुळेराव दर सभेत विचारत. उतारमुक्त खोऱ्याचं वचन देऊन ते प्रचंड मतांनी राजे झाले.

लगेच उकरायला सुरुवात झाली. डोंगराची माती ओढ्यात लोटली, वाटेतली झाडं पाडली.

ऐनाच्या एका उंच झाडावर रुंजी शेकरू आपल्या पिल्लासह राहायची. तिच्या ऐनावर चुन्याची फुली पडली, तेव्हा ती फांद्याफांद्यांवरून राजवाड्यापाशी आली आणि वरूनच गाऱ्हाणं सांगू लागली. राजांचे कारभारी काटेकर साळिंदर यांनी मान वर केली.

"तुमचे पाय कधी जमिनीला लागलेत?"

"नाही हो. आम्ही झाडावरचे."

"मग बाई, तुम्ही खोऱ्यात राहतच नाही. तुम्ही हवेत राहता. हवाई खात्याकडे जा."

हवाई खातं गरुडसाहेबांकडे होतं. त्यांनी मोठ्या आपुलकीने निरोप धाडला, की समक्ष भेटा आणि येताना पिल्लालाही आणा. रुंजी गेली नाही.

शेवटी तिने पिल्लू तोंडात धरलं आणि जन्मात पहिल्यांदा जमिनीवर उतरली. उघड्यावरून धावत ती काटेकरांपुढे उभी राहिली. त्यांनी तिचं अभिनंदन केलं आणि आता तुम्ही रीतसर रहिवासी झालात, असं जाहीर केलं. तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. तिचा ऐन आडवा पडला होता.

"रिकामा होता," काटेकर म्हणाले. "आम्ही खात्री करूनच पाडला."

पावसाळ्यात पाणी खाली आलं, तर ओढा जागेवर नव्हता. ते बिळाबिळांत शिरलं. मग एका दुपारी उरलेला डोंगरही सैल होऊन खाली आला आणि अर्ध्या खोऱ्यावर बसला. रुंजी पिल्लाला घेऊन एका कातळावर चढली म्हणून वाचली. तिच्या शेजारी चिखलाने माखलेला पांडबा मुंगूस कुडकुडत होता. त्याचं बीळ, त्यातली बायकोपोरं, सगळं खाली गेलं होतं.

समोरच्या टेकडीवरून सुळेरावांचं भाषण सुरू झालं. डोंगर कोसळला ही विरोधकांची अफवा आहे, सपाटीकरणाचं काम मुदतीआधी पूर्ण झालं आहे, असं ते म्हणाले. चिखलातून टाळ्या आल्या.

रुंजीने पांडबाला हळूच विचारलं, "आता मत कुणाला देणार?"

पांडबाने डोळ्यांतला चिखल पुसला. "त्यांनाच. एवढं सगळं उकरून ठेवलंय, आता मध्येच राजा बदलून कसं चालेल?"