पेठेतल्या बकुळी

एकदा एका व्यापारी गावाला आपली पेठ देखणी करायची हौस आली. फरशी बसली, दिवे लागले. मग दुतर्फा बकुळी लावायचे ठरले आणि तिथेच माशी शिंकली. सावली सर्वांना हवी होती, पण झाड मात्र आपल्या दारात नको होते. दुकान झाकले जाईल म्हणून समोरचाच मुद्दाम हे आपल्या गळ्यात मारतो आहे, असे ज्याला त्याला वाटे. अखेर गावाने एका वृद्ध आचार्यांना गळ घातली. ते खूण करतील तिथे झाड.

आचार्य शिष्याला घेऊन आले ते थेट भांडीवाल्याच्या गादीवर जाऊन बसले. दिवसभर तिथेच. त्याचे ताकही प्यायले. संध्याकाळी उठून समोरच्या कापडवाल्याच्या दारात चुन्याची फुली मारली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी बसले सराफाकडे, आणि फुली पडली समोरच्या अत्तरवाल्याच्या दारात.

शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. ज्याचे ताक, त्याचे दार मोकळे! ज्यांच्या शब्दावर आपण घरदार सोडले, ते गुरू भांडेभर ताकाला विकले जावेत, याचे त्याला फार वाईट वाटले. त्यांना विचारायचे धैर्य मात्र होईना. न राहवून त्याने ते कापडवाल्याच्या कानात सांगितले.

सकाळी पाहतात तो दोन्ही फुल्या पुसलेल्या. कापडवाला दारात उभा होता. "आचार्य, तुमचं झाड नको आणि न्यायही नको. आम्हाला सगळं कळलंय."

आचार्यांनी एकवार शिष्याकडे पाहिले. मग त्याला भांडीवाल्याच्या गादीवर बसवले. "इथून काय दिसते?"

"कापडवाल्याचं दुकान."

"आणि भांडीवाल्याचे?"

"ते कसं दिसेल? आपण त्यातच बसलो आहोत."

"म्हणून इथे बसलो होतो," आचार्य म्हणाले. "ऊन कुठे पडते, गिऱ्हाईक कुठे थबकते, कोणती पाटी झाकली जाईल, हे समोर बसल्यावाचून कळत नाही. आज कापडवाल्याकडे बसून भांडीवाल्याच्या दारात फुली मारणार होतो."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"विचारले असतेस तर सांगितले असते. पण तुझ्याकडे उत्तर आधीच तयार होते."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चुन्याचे भांडे घेऊन तो रस्ता ओलांडून गेला, हात जोडले आणि घडले ते सारे कापडवाल्याला सांगितले. चूक माझी, गुरूंची नाही, हेही सांगितले.

कापडवाल्याने शांतपणे ऐकून घेतले. मग त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "आज तुम्हालाही ताक पाजलं वाटतं?"

शिष्याने चुन्याचे भांडे खाली ठेवले. तो तिथेच पायरीवर बसला. पायरी उन्हाने तापली होती. तिथे सावली का येणार नाही, हे आता त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.