एकशे चाळीस साझेनांवरचा झरा

एकदा एक वृद्ध भूमापक आपल्या शिष्याला घेऊन रशियातल्या एका आडगावी गेले. गावावर मोठा बाका प्रसंग होता. साऱ्या विहिरी खारट झाल्या होत्या, सहा घरांना कुलपं लागली होती, आणि रविवारपर्यंत गोडं पाणी लागलं नाही तर उरलेल्यांनीही गाव सोडायचं असं पंचांनी ठरवलं होतं. आशा होती ती फक्त एका जुन्या नकाशावर. गावाचा झरा कित्येक पिढ्यांपूर्वी पुराच्या गाळाखाली गाडला गेला होता, पण नकाशावर त्याची जागा स्पष्ट लिहिलेली होती: ‘चर्चच्या उंबरठ्यापासून सरळ पूर्वेला, एकशे चाळीस साझेन.’

साझेन हे तिथलं लांबीचं जुनं माप. आज ते कोणी वापरत नाही. पण हा शिष्य म्हणजे हुशारीचा नुसता अर्क! विचारायचा अवकाश, “एक साझेन म्हणजे दोन मीटर, तेरा सेंटिमीटर आणि वर साडेतीन मिलिमीटर,” असं तो एका दमात सांगे. त्याने गुणाकार केला, उपग्रहाकडून जागा विचारून घेणारं आपलं यंत्र मांडलं आणि दोनशे नव्याण्णव मीटरवर खुंटी ठोकली.

“खणा इथे!” तो ऐटीत म्हणाला.

गावाने खणलं. पुरुषभर खड्डा झाला, पाण्याचा पत्ता नाही. शेजारी दुसरा खणला, मग तिसरा. माती कोरडी ठणठणीत. पंचांमध्ये सर्वांत वडील होती अग्राफेना आजी. ती कुदळीवर रेलून म्हणाली, “पोरा, तुझं यंत्र आभाळाशी बोलतं म्हणे. जमिनीशी कधी बोलणार?”

लोक हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नकाशाच खोटा आहे, गुरुजी,” तो चिडून म्हणाला. “काढणारा कोणी अडाणी असणार!”

गुरुजींनी मोजपट्टी खांद्याला अडकवली आणि चालू लागले. कुठे, तर पश्चिमेला! झरा पूर्वेला, आणि हे गृहस्थ चर्चच्या उंबरठ्यापासून पश्चिमेच्या पवनचक्कीपर्यंत मोजताहेत. शुक्रवारची संध्याकाळ त्यात गेली. एकदा मोजून समाधान होईल तर ते गुरुजी कसले? तीन-तीनदा मोजलं. शनिवारी सकाळी निघाले ते उत्तरेच्या दगडी पुलाकडे. शिष्य पट्टीचं टोक धरून मागे मागे, आणि आतून नुसता धुमसतोय.

शेवटी त्याला राहवेना. “गुरुजी, चक्की समोर दिसते आहे, पूल समोर दिसतो आहे. जे हरवलेलंच नाही ते मोजून काय मिळणार? उद्या रविवार आहे! ही माणसं घरं सोडून निघतील हो!”

“चक्कीपर्यंत किती भरलं?” गुरुजींनी शांतपणे विचारलं.

“एकशे सहा मीटर.”

“नकाशावर?”

“साठ साझेन.”

“आणि पूल?”

“एकशे एकोणसाठ मीटर. नकाशावर नव्वद साझेन.”

“भाग बरं.”

शिष्याने भागाकार केला आणि पुन्हा एकदा करून पाहिला. दोन्हीकडे एका साझेनाचं उत्तर तेच: पावणेदोन मीटरच्या किंचित वर.

“आता दोन्ही हात पसर,” गुरुजी म्हणाले. शिष्याने भर रस्त्यात हात पसरले. गुरुजींनी या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत पट्टी धरली. पावणेदोन मीटरच्या किंचित वर!

“अरे, तू पाठ केलंस ते दरबाराने ठरवून दिलेलं साझेन,” गुरुजी हसून म्हणाले. “गावोगावची माणसं मात्र असेच हात पसरून मोजत. हा नकाशा काढणारा खोटा नव्हता आणि अडाणीही नव्हता. त्याचं माप सगळीकडे सारखंच आहे, फक्त ते तुझं माप नाही. तू त्याला एकदम हरवलेला झरा विचारलास. मी आधी त्याला चक्की विचारली, पूल विचारला. म्हणजे जे त्याने पाहिलं होतं आणि मीही पाहतो आहे, ते. माणसाचं माप अशा दोघांच्या ओळखीच्या गोष्टींवरून कळतं. ते कळलं की मग आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल तो जे सांगेल, त्यावर खुशाल विश्वास ठेवावा.”

शिष्य पळत सुटला. दोनशे सत्तेचाळीस मीटरवर त्याने खुंटी ठोकली आणि या खेपेला “खणा” न म्हणता स्वतःच कुदळ उचलली. त्याला एकटा घाम गाळताना पाहून गाव गोळा झालं. कमरेएवढ्या खोलीवर ओंडक्यांची जुनी चौकट लागली. माती ओली झाली, मग चिखल झाला, आणि मग त्या चिखलातून झुळझुळ पाणी वर आलं. काय तो आनंद! पंच म्हणवणारे म्हातारे पायातले बूट काढून नाचले. कोणी रडत होतं, कोणी बांधलेली गाठोडी घरात नेऊन सोडत होतं. अग्राफेना आजीने एक घोट घेतला, “गोड आहे रे, गोड!” म्हणून ओरडली आणि उरलेली ओंजळ शिष्याच्या मळक्या डोक्यावर ओतली.

“मग काय रे,” तिने विचारलं, “तो नकाशावाला बाबा कितीने चुकला होता?”

शिष्याने तोंडावरचं पाणी निपटलं.

“तो नाही चुकला, आजी,” तो म्हणाला. “मी चुकलो. बावन्न मीटर.”