बंदूक आणि काचेतली बदकं

टीव्हीला मागे पोट असायचं त्या काळी एका व्हिडिओ गेमच्या डब्यासोबत प्लास्टिकची बंदूक नांदत होती. काचेतल्या बदकांवर नेम धरून खटका दाबला की बदक खाली! तिचा तोरा काय विचारता? "माझ्या एका नजरेत मरतात मेली!" ती म्हणायची.

बऱ्याच वर्षांनी तिच्या मालकाने, विश्रामने, तिला डब्यासकट माळ्यावरून काढलं आणि भिंतीवरच्या सपाट टीव्हीसमोर धरलं. खट्, खट्. एकही बदक पडेना.

"म्हातारी झाली तुमची बंदूक. द्या भंगारात," बायको हसली.

बंदूक गयावया करू लागली. "डबेदादा, एक तरी पाडा हो!"

"पाडायचो मीच, बाई," डबा म्हणाला. "जुन्या काचेतला उजेड तू ओळखायचीस, मला सांगायचीस, मग मी पाडायचो. या काचेपुढे तू आंधळी आहेस."

बदकांनीही ते ऐकलं. ती उडायची थांबली, गवतातून पुढे आली आणि रांगेने बंदुकीकडे बघत बसली. विश्रामने दचकून टीव्ही बंद केला.

खोली शांत झाली. मग काचेच्या अलीकडे, बंदुकीच्या अगदी जवळ, कुणीतरी ओले पंख झटकले.

"ओळख पाहू, कोण?"