ध्रुवबंदर

“मग कमी काय आहे, ते तरी सांगा ना बाई?”

निनाद गुळवणीने तिसऱ्यांदा विचारलं. अकरा महिने खपून त्याने संगणकाच्या खेळात हे अंतराळस्थानक बांधलं होतं. नाव ध्रुवबंदर. संध्याकाळी सहाला तिथे दोनशे खेळाडू उतरणार होते, पण कुसुमबाई रेंदाळकरांनी होकार दिला तरच.

बाईंची हयात बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली होती. खेळात त्यांचा शब्द चाले. ‘चांगलंय’ एवढं त्यांच्या तोंडून ऐकायला माणसं वर्ष-वर्ष ताटकळत.

“बाहेरून काय कळणार? आत जाऊन बघते.”

बाई निनादच्या शेजारीच बसल्या होत्या; त्यांच्या पडद्यावर त्यांचा अंतराळवीर स्थानकात शिरला. नऊ वर्षं जपलेला. या खेळात जीव एकच. मेला की मेला, देह तिथेच राहतो.

मोठ्या दालनात काचेची भिंत होती. पलीकडे निळा ग्रह. बाई थबकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

निनाद मनातून फुलून गेला.

मग बाईंनी स्थानकाची वीज बंद केली.

“अहो बाई… हवा थांबेल.”

“कधीतरी वीज जाणारच. माझ्याकडे दोन मिनिटांची हवा आहे. बाहेरचा रस्ता सांग.”

“डावीकडे.”

डावीकडे भिंत निघाली.

“मग उजवीकडे. खाली जिना असेल.”

“असेल?”

निनादने आठवून पाहिलं. बांधणाऱ्याला या खेळात भिंतींच्या आरपार उडता येतं, आणि तो कायम तसाच फिरला होता. आपल्याच स्थानकात तो एकदाही पायी चालला नव्हता.

“थांबा, मी भिंतच काढतो.”

त्याचा हात माउसकडे गेला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

“दोनशे जण यायचेत. किती भिंती काढशील?”

“वीज लावा बाई. तुमची नऊ वर्षं जातील.”

“रस्ता सांग.”

“मागे… नाही, वर… बाई, मला नाही माहीत.”

…

तीस सेकंद उरले. बाई अंधारात चाचपडत परत काचेपाशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. ग्रहाचा उजेड आत पडला होता.

“चांगलंय,” त्या म्हणाल्या.

ज्या शब्दासाठी तो अकरा महिने झुरला, तो आता त्याला ऐकवेना.

पडदा काळा झाला.

बाईंनी त्याच्या हातावरचा हात काढून घेतला. निनादचे डोळे भरून आले होते. सहाला वीस मिनिटं कमी होती.

“मी आत्ता पाडतो हे. सगळं पाडून टाकतो, बाई.”

“पाडू नकोस,” बाई म्हणाल्या. “मी आत आहे.”