गेल्या वर्षीचा फ्लेक्स

तर्कात मला हरवणारा माणूस आमच्या तालुक्यात जन्मला नाही. चौथीत मी दोनदा नापास झालो, तेवढं सोडून द्या.

स्पर्धा परीक्षांच्या क्लासचं दार उघडणं-लावणं माझ्याकडे असतं. तिथले घोरपडे सर पहिल्याच दिवशी बजावतात, "विधानात आहे तेवढंच धरा, पदरचं घालू नका." स्वतःची स्तुती करताना मात्र ते पदरचं भरपूर घालतात.

नजमा मुलाणी सकाळी खानावळीत भाकऱ्या थापून यायची, म्हणून तिला रोज दहा मिनिटं उशीर व्हायचा. परीक्षा महिन्यावर आली आणि सरांनी तिला भर वर्गात उभं केलं. गेल्या वर्षी पास झालेल्या पोरांच्या फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाले, "विधान एक, या फ्लेक्सवरचे सगळे वेळेवर यायचे. विधान दोन, नजमा उशिरा येते. निष्कर्ष सांग आणि उद्यापासून येऊ नकोस."

मी दारातून खुणावलं, पोरी, माफी मागून टाक. माझा सल्ला नेहमीप्रमाणे वाया गेला.

नजमानं पिठाची बोटं ओढणीला पुसली. "पदरचं न घालता सांगते, सर. निष्कर्ष एवढाच निघतो, की मी गेल्या वर्षीच्या फ्लेक्सवर नाही. यंदाचा तर अजून छापायचाय."